अस्वलांसाठी घंटी

अस्वलं दूर राहावीत म्हणून मी ह्यांच्या पिशवीला घंटी बांधली. "हात्सू, तुझ्या बडबडीनंच पळतील की अस्वलं!" हे हसले. खरं कारण वेगळं होतं. हल्ली हे वाट विसरतात, कधी माणसंही. मागून घंटी ऐकू आली, की मी निर्धास्त चालते. किसोच्या रानातल्या ह्या धबधब्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. पाण्याची गाज वाढली, तेव्हा घंटी तीतच बुडाली असं वाटलं. वळून पाहिलं, तर हे नव्हतेच! रोजच्या नेमाचा मंत्र पुटपुटत मी मागं धावले. वळणावरच्या फुदोदेवाच्या शेवाळलेल्या मूर्तीपुढे हे उभे होते. देवापुढे गोंगाट नको म्हणून घंटी मुठीत धरलेली. "बाई, तुम्हीही हात जोडा," मला म्हणाले, "आमची हात्सू दिसत नाहीये, घाबरली असेल." शेजारी उभी राहून, हात्सू ह्यांना सापडावी म्हणून मी हात जोडले.