लक्ष ढळलं नाही

सिन्नरच्या औषध कारखान्यात प्रमिला गायधनीचा सत्कार चालला होता. बाटल्यांमधले कण शोधताना तिचं लक्ष महिनाभरात एकदाही ढळलं नव्हतं. तपासणीच्या बाकांवरच्या सगळ्या बायकांच्या कपाळाला पट्टी असे. कामाखेरीज दुसरं काही ती मेंदूपर्यंत पोचूच देत नसे. सत्कारासाठी प्रमिलाची पट्टी तेवढी बंद केली होती. बाकीच्यांना शेजारी काय चाललंय याचा पत्ताही नव्हता.

व्यवस्थापक देवस्थळी कौतुकाने म्हणाले, "मंगळवारी शेजारच्या बाकावर शहनाजबाई कोसळल्या, तरी ह्यांनी मान वर केली नाही."

प्रमिलाने बक्षीस घ्यायला पुढे केलेला हात मागे घेतला. शहनाज रजेवर आहे, एवढंच तिला सांगितलं होतं.

"किती वेळ पडून होती ती?"

"पर्यवेक्षक फेरीवर येऊन त्यांना उचलून नेईपर्यंत. अकरा मिनिटं. आता बऱ्या आहेत, जीभ जरा जड झालीय."

"तिने हाक मारली होती?"

देवस्थळींनी तिच्या पट्टीने अडवलेल्या आवाजांची नोंद पाहिली. "पाच वेळा. तुम्हालाच."

प्रमिलाचे कान तापले. "भर बाजारात कुणी माझं नाव घेतलं तरी मला ऐकू येतं, साहेब. ते तुम्ही बंद पाडलंत, आणि वर हार घालताय?"

"पट्टीशिवाय इथे काम मिळणार नाही, बाई."

तिने स्वतःची पट्टी काढून टेबलावर ठेवली. मग पहिल्या बाकावरच्या कुंदाच्या कपाळावरची पट्टी उतरवली. कुंदा दचकली.

"काय झालं गं?"

प्रमिलाने मंगळवारचं सगळं सांगितलं. कुंदाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हातातली बाटली खाली ठेवली, आणि पुढच्या बाकावरच्या बाईची पट्टी काढायला ती उठली.