भिकाजीचं तापट इंजिन

शीड विकून भिकाजीने मचव्याला इंजिन बसवलं. थंड असताना ते हँडल मारताच सुरू होई, पण तापल्यावर बंद केलं की पुन्हा सुरूच होईना. भर समुद्रात अडकायची पाळी आली, तेव्हा त्याने रत्नागिरीहून फिटर आणला.

रोज इंजिन तापवून बंद केलं की भिकाजी म्हणे, "आदी जेवून घेवा, मगे बघा." पाहुण्याला उपाशी कसं राबवायचं? सुरमईचं तिखलं ओरपून दोघे परतेपर्यंत इंजिन थंड. लगेच सुरू!

"दोष दिसत नाही. उद्या पाहू," फिटर ढेकर देत म्हणे.

एके दिवशी भिकाजीची बायको मथुरा धक्क्यावर येऊन म्हणाली, "फिटरभाऊ, आज सोमवार. मासो नाय, डाळभात आसा."



फिटर जेवायला उठलाच नाही. पहिल्या दिवसापासून पिशवीच्या तळाशी असलेला डिझेलचा नवा पंप त्याने तापल्या इंजिनालाच बसवला.