शालनच्या हिरड्या

शालनबाई आ करून खुर्चीत बसल्या होत्या आणि सायली त्यांच्या हिरड्यांवरून बोट फिरवत होती. खुर्ची बरोबर मंजुळाबाईंच्या खिडकीसमोर. आत मंजुळाबाई मेथी निवडत होत्या. काड्या परातीत आणि पानं केरात चालली होती, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

सायली त्यांची सून. दातांची डॉक्टर झालेली, आता पुढचं शिकत होती. शालन त्यांची धाकटी जाऊ, भिंतीपलीकडे राहणारी. सुनेनं सासूला सोडून चुलतसासूचं तोंड धरावं, हे रहाटणी गावात कुणी ऐकलं होतं?

संध्याकाळी चाकणच्या कंपनीची बस वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना सोडून गेली की सायली कॉलेजातून यायची. हातपाय धुवायची, आणि चहाच्या आधी शालन. "काकू, इथंच बसा, इथं उजेड चांगला आहे." मग हनुवटी धरायची, ती किती हळू! सणासुदीला पाया पडण्यापलीकडे सुनेचा हात मंजुळाबाईंना कधी लागला नव्हता.

मलम मेलाटोनिनचं होतं. अंधार पडला की ते शरीर स्वतःच बनवतं, त्यानं झोप येते. सुजलेल्या हिरड्यांवर लावलं तर फरक पडतो का, हे सायलीच्या कॉलेजला बघायचं होतं. निम्म्या ट्यूबांत औषध होतं, निम्म्या नुसत्याच. कुणाला कोणती मिळाली, हे सायलीलाही ठाऊक नव्हतं. मंजुळाबाईंना मात्र पक्कं ठाऊक होतं. शालनला औषधाचीच मिळाली असणार. दोघींच्या लग्नांत शालूही तिलाच भारी आला होता.

"मला का घेत न्हाईस?" एकदा त्यांनी विचारलंच.

"मिश्री लावणाऱ्यांना घेता येत नाही, आई. काकूंनी सोडली."

सोडली म्हणे! दोघी नव्या नवऱ्या असल्यापासून रोज सकाळी पायरीवर शेजारी बसून तंबाखूची मिश्री लावायच्या आणि साऱ्या गावाची उणीदुणी काढायच्या. आता पायरीवर मंजुळाबाई एकट्या. नागपंचमीला सायलीनं त्यांचंही तोंड पाहिलं होतं. तेव्हाही हेच टुमणं. "मिश्री सोडा, आई. चला, आमच्या सरांना दाखवून येऊ." "माझी आई मरेस्तोवर लावत हुती," म्हणून मंजुळाबाईंनी आठवडाभर अबोला धरला होता. सुनेनं पुन्हा विषय काढला नाही. गणपती आले, तशी तिनं शालन धरली.

शालन दिवसेंदिवस खुलत चालली. पेरू कराकरा चावू लागली, तोही खिडकीसमोर. "आक्का, रगत यायचं थांबलं बगा!" मंजुळाबाईंनी खिडकी लावून घेतली. मग थोडी उघडली, कारण काही दिसेना.

घट बसले त्या दिवशी त्यांनी मिश्रीची डबी घंटागाडीत टाकली. कुणाला सांगितलं नाही. डोकं ठणकलं, घरादारावर खेकसून झालं, बडीशेप चघळून जबडा दुखला. पण हटल्या नाहीत. अंधारात बनतं म्हणे, म्हणून मालिका अर्ध्यावर सोडून दिवे मालवू लागल्या. शालनला ट्यूबमधून मिळत असेल, तर आपण घरचं करू.

तुळशीचं लग्न झालं. दिवाळीतली उरलेली चकली त्यांनी कडाकडा खाऊन पाहिली. हिरडी दुखली नाही. संध्याकाळी त्या तडक बाहेर गेल्या.

"शालन, ऊठ!"

शालन उठली. मंजुळाबाई खुर्चीत बसल्या. "घट बसल्यापासून मिश्रीला हात लावला न्हाई म्या. आता घे मला. हिच्यापरीस माज्या हिरड्या चांगल्या हायेत का न्हाई, सांग!" आणि त्यांनी आ केला.

सायलीनं बॅटरी लावली. हिरड्यांकडे तिनं पाहिलंच नाही. डावा गाल बोटानं बाजूला ओढला आणि आत पाहत राहिली. पुन्हा पाहिलं. मग ती खालीच बसली आणि सासूच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडू लागली.

मंजुळाबाईंनी तोंड मिटलं. "एवढ्या वाईट हायेत व्हय गं?"

"हिरड्या राहू द्या, आई," सायली डोळे पुसत म्हणाली. "नागपंचमीला तुमच्या गालात मिश्रीनं पडलेला पांढरा डाग होता. तो वाढून कॅन्सर झाला असता तर... आता नाहीये. काकूंची खुर्ची मी रोज तुमच्या खिडकीसमोर उगाच नव्हते मांडत."