पडद्यात मावलेली खोली

"आकडे झाकतोयस तू," थोरला म्हणाला, आणि धाकट्याच्या लॅपटॉपला नाक टेकेल इतका वाकला.

पडद्यावर घराचा नकाशा होता. वडिलांच्या माघारी घराचे दोन भाग व्हायचे होते आणि चार वाजता वकील सह्या घ्यायला येणार होते. नकाशे काढणं हा धाकट्याचा पोटापाण्याचा धंदा, म्हणून हाही त्यानंच काढला होता, इंचाइंचाला टेप लावून. पण लॅपटॉप टीचभर. आकडे वाचता येतील एवढा नकाशा मोठा केला की जिन्याकडची बाजू पडद्याबाहेर जायची. सगळं घर पडद्यात घेतलं की आकडे एकमेकांना चिकटून बसायचे. थोरल्याला दोन्ही एकदम हवं होतं. जे दिसत नाही ते नेमकं आपल्याच वाटणीचं असतं, अशी त्याची जन्मापासूनची खात्री.

शेवटी धाकट्यानं ते सॉफ्टवेअर काढलं. कामावरच्या एका उपद्व्यापी सोबत्यानं दिलेलं. बनवणाऱ्यानं पडद्याला जी हद्द घालून दिलेली असते, तिच्याही पुढं रिझोल्यूशन नेणारं. पडदा तेवढाच, पण मावतं दुप्पट. हे यंत्राच्या कुवतीबाहेरचं काम आहे, बेतानं घे, एवढं मात्र सोबत्यानं बजावलं होतं.

पडदा काळा झाला, लुकलुकला, आणि अख्खं घर त्यात उमटलं. बारीक, पण रेघ न् रेघ ठसठशीत. मधोमध एक चौकट आली. हे बदल ठेवायचे? नाहीतर पंधरा सेकंदांत सगळं पूर्ववत होईल. सेकंद उलटे मोजले जाऊ लागले.

पण चौकटीकडे बघतो कोण? जिन्याच्या भिंतीपाशी, जिथं नकाशा संपायला हवा होता, तिथं पलीकडे आणखी एक खोली होती. दहा बाय बारा. दार जिन्याखालून. धाकट्यानं ती काढलेली नव्हती. त्या भिंतीपलीकडे नुसता रस्ता होता, आणि त्यावरून दोघांची सारी हयात ये-जा झाली होती.

पंधरा सेकंद भरले. पडदा मूळपदावर आला आणि खोली गेली.

थोरल्याची बायको धाकट्याच्या खुर्चीमागे वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. घर आहे तेवढंच आहे, असं काहीसं ती म्हणाली. मध्ये तोंड घालू नकोस म्हणून थोरल्यानं तिला गप्प केलं. तसं तो दिवसातून दहादा करायचा. मग त्यानं टेबलावरची टेप उचलली. आपण जिन्याखाली उभं राहायचं आणि धाकट्यानं पुन्हा लावायचं, असं ठरवून तो गेलासुद्धा.

धाकट्यानं पुन्हा लावलं. पडदा लुकलुकला, आणि जिन्याखाली बिजागरी कुरकुरली.

"आहे की रे," थोरल्याचा आवाज आला, जरा लांबून, घुमत. "खिडकीसुद्धा आहे. ही माझ्या बाजूला येते, लिहून ठेव."

चौकटीत अकरा. दहा.

"दादा, आधी बाहेर ये."

"मला बाहेर काढायची फार घाई झालीय तुला."

टेप सर्रकन ओढल्याचा आवाज आला. आठ. 'ठेवा' एवढं एक बटण दाबायचं होतं. ते दाबलं की खोली राहणार, थोरला राहणार, आणि घराचा मोठा तुकडा थोरल्याच्या पदरात जाणार, आजवर सगळं जात आलं होतं तसा. सात. पण घराबरोबर चौकटही बारीक झाली होती. दोन बटणं शेजारी शेजारी, खसखशीच्या दोन दाण्यांसारखी. त्यातलं 'ठेवा' कुठलं आणि 'नको' कुठलं, धाकट्याला लागेना. त्यानं चष्म्यासाठी टेबल चाचपलं. मघाशी तर होता. कागद उचलून बघितले, लॅपटॉपखाली बघितलं, शर्टाचा खिसा बघितला, मग विजारीचेही. चार. वाकून खुर्चीखाली बघितलं. शोधणं अगदी मन लावून चाललं होतं.

पडदा मूळपदावर आला.

तो उठून जिन्याखाली गेला. भिंत होती. जुना चुना, त्यावर कोळ्याचं जाळं, आणि जाळ्याची एक तारही तुटलेली नव्हती. त्यानं कान लावला. आत टेप सरसरत होती.

"दहा फूट," थोरला म्हणत होता, आवाज अजून खुशीतला. पुन्हा टेप. "नऊ फूट अकरा." जरा वेळानं, "नऊ सात." मग टेप लागोपाठ दोनदा ओढल्याचा आवाज. "थांब, टेप चुकत असेल. आठ फूट…"

धाकटा पळत टेबलाशी आला. वहिनीनं लॅपटॉप मिटला होता आणि त्यावर थोरल्याचा घडी घातलेला शर्ट ठेवला होता.

"चष्मा कपाळावरच आहे, भाऊजी," ती म्हणाली. "मी मघापासून बघतेय."