छोर्यांग

"मालसुन, तुझ्या सासूचं कापड कुटणं ऐकलं की जीव कसा छोर्यांग होतो गं!" शेजारीण म्हणायची. उगाचच दाटून येणाऱ्या, विचारात बुडवणाऱ्या उदासीसाठी गावात हाच शब्द. मालसुन नुसती हसायची. सोजूची दारू ढोसून लेक सुनेला मारू लागला, की सासू खळीचं कापड दगडावर घेऊन लाकडी दांडक्यांनी बडवायची. किंकाळी कुंपणाबाहेर जायला नको. आज त्याने मालसुनच्या पाठीवरचं तान्हं हिसकावलं. "रडतंय नुसतं! आपटतोच दगडावर!" सासू बडवतच राहिली. मालसुनने बाजूला पडलेलं जादाचं दांडकं उचलून त्याच्या गुडघ्यावर हाणलं, सुटलेलं बाळ वरच्यावर झेललं आणि पुन्हा हाणलं. "आई गं! मेलो!" सासूचे हात थांबले. तिने नातवाकडे पाहिलं. "ओरड, लेका. कुणाला ऐकू जात नाही," म्हणत ती दुप्पट जोराने बडवू लागली. कुंपणापलीकडे शेजारणीने सुस्कारा सोडला. "आज तर फारच छोर्यांग!"