उलट्या मुरडीचे कानवले

लाल तिखट पडण्याआधीच सासूबाईंनी पातेल्यातला वाटीभर खिमा बाजूला काढला, तसं हेमांगीचं लाटणं थांबलं. धुळवडीला या घरात खिम्याचे कानवले व्हायचेच, आणि त्यातले चार सासऱ्यांसाठी बिनतिखट. त्यांच्या पोटाला तिखट चालत नसे. ते चुकून दुसऱ्याच्या पानात जाऊ नयेत म्हणून त्यांना उलटी मुरड घालायची, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती. पण सासरे आता नव्हते. गेल्याच महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध झालं होतं.

सवयीनं हात गेला असेल, असं वाटून ती बेतानं म्हणाली, "आई, हे बाबांच्या फोटोपुढे ठेवायला ना?"

"नाही गं, माझ्यासाठी." सासूबाई कडेला उलटी मुरड घालत राहिल्या. "तिखट मला सोसत नाही. नवी नवरी होते, पहिल्याच घासाला डोळ्यांतून घळाघळा पाणी. जावा हसल्या. ह्यांनी ते पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, माझ्या पोटात आग पडते, यापुढे माझे बिनतिखट करा. मग दोन ते खायचे, दोन माझ्यासाठी पानात ठेवायचे."

"म्हणजे बाबांना तिखट चालायचं?"

"चालायचं? लग्नाआधी ठेच्याशिवाय घास उतरायचा नाही त्यांना. पण एकदा बोलून बसले होते ना!"

पहिला घाणा निघाला. हेमांगीनं सरळ मुरडीचे दोन कानवले बशीत घेतले, शेजारी चांगला चमचाभर ठेचा वाढला आणि बशी सासऱ्यांच्या फोटोपुढे ठेवली.