सरासरी वय

चंद्रप्रकाश सरांनी रिपोर्टचा कागद नंदाच्या टेबलावर परत ठेवला आणि शेवटचा आकडा तेवढा बदल म्हणून सांगितलं.

१९८४ साल होतं. देवनारच्या त्या प्रयोगशाळेत नंदाला हंगामी सहायक म्हणून लागून दोन वर्षं झाली होती. परदेशातून प्रवाळाच्या भुकटीची एक बाटली आली होती. तशाच बाटल्या आणखी सात देशांत गेल्या होत्या. भुकटीतलं युरेनियम आणि थोरियम मोजून सगळ्यांनी त्या प्रवाळाचं वय कळवायचं. आकडे जुळले की पुढे जगभरच्या प्रयोगशाळा आपलं मोजमाप याच भुकटीवर पारखून घेणार.

नंदाने बाटलीतली वरची भुकटी मोजली. वय एक लाख आठ हजार वर्षं निघालं. तळाची मोजली, तर एक लाख बत्तीस हजार. तिने सगळी भांडी पुन्हा ॲसिडने धुतली, दोन्ही पुन्हा मोजल्या. तीन आठवडे गेले. फरक तेवढाच राहिला.

सरांचं म्हणणं, सरासरी काढ. एक लाख वीस हजार. बाकीच्या सातांचा आकडा त्यांना पत्राने कळला होता, तोही एवढाच होता.

"जुळतंय ना सगळं? मग कशाला भांडण?"

"सर, एक लाख वीस हजार मला वर मिळाले नाहीत, तळालाही मिळाले नाहीत. लिहू कुठून?"

सर बराच वेळ समजावत राहिले. वारा डंपिंगच्या कचऱ्यावरून येत होता, म्हणून खिडक्या बंद होत्या. ते म्हणाले, ती मोठी माणसं आहेत, आपलेच हात घाण होते म्हणून हसतील. मग आवाज खाली आणून त्यांनी आठवण दिली, की पुढच्या महिन्यात तिची पर्मनंटची फाइल वर जायची आहे आणि तिच्यावर शेरा त्यांनाच लिहायचाय. ते रागावून बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. मुलुंडला तिच्या आईने, सुंदराबाईने, पेढे कुणाकुणाकडे द्यायचे तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

नंदाने एकदा बाटलीकडे पाहिलं. शेऱ्यात काय लिहायचं ते तुम्ही लिहा, ती म्हणाली. एकाच बाटलीत दोन वयं असतील तर तिच्यावर पारखलेलं प्रत्येक माप चुकणार, आणि ते माहीत असूनही आपण लपवलं असं होईल.

"मग माझी सही मिळणार नाही," सर म्हणाले. "पाठव एकटी."

नंदाने टाइपरायटरवर नवा कागद चढवला. रिपोर्ट इंग्रजीत होता. सरांचं नाव तिने गाळलं. मग पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, आणि जिथे जिथे 'आम्ही' होतं, तिथे तिथे 'मी' केलं.